रकाना अकरा

रविवारी सकाळी फॉर्मचे सगळे रकाने भरून झाले, एक सोडून.

१. अर्जदाराचे संपूर्ण नाव : रेणुका विलास कौसडीकर.

२. वडिलांचे नाव : विलास दिगंबर कौसडीकर (मयत).

६. विधी पदवी : एलएल.बी., तीन वर्षांचा अभ्यासक्रम, सकाळचे सत्र.

७. उत्तीर्ण झाल्याचे वर्ष : दोन हजार सोळा. (आता अठरा चालू आहे. मधली दोन वर्षं कुठल्याच रकान्यात मावत नाहीत.)

११. अर्जदार सध्या कोणताही धंदा, व्यवसाय अथवा नोकरी करीत आहे काय? असल्यास तपशील :

रेणुकाने पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

तपशील परभणीच्या सगळ्या कोर्टाला माहीत होता. आवारात लिंबाखाली कौसडीकरांचं टेबल, टेबलावर स्टॅम्पपेपरची पेटी, पेटीमागे ती. सहा वर्षं. साडेसातला कॉलेज, साडेदहाला सुटलं की स्कूटी थेट कोर्टात, अकराला पेटी उघडायची. पुराव्याचा कायदा तिने गिऱ्हाईक नसताना पेटीच्या झाकणाला पुस्तक टेकवून पाठ केला. जमीन कायद्यात वर्गात पहिली आली तेव्हा सर म्हणाले, तुला काय, तू तर रोज बघतेस. परवाना तिच्या नावावर होता. मुद्रांक विक्रेती. आणि धंदा करणाऱ्याला वकिलीची सनद नाही. सनद हवी तर परवाना परत करायचा, त्याची पोच फॉर्मला जोडायची. गुरुवारी मुंबईत कागद तपासणार होते. एक मार्चपासून सिद्दिकी वकिलांनी हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं.

चहा घेताना ती आईला म्हणाली, 'उद्या परवाना परत करते.'

आई, कुमुद, भाजी निवडत होती. तिने हे समोरच्या खोलीत मोठ्या दिरांना सांगितलं. त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती जिन्यापर्यंत ऐकू गेली असावी, कारण बाराच्या सुमाराला धाकटा दीर श्रीहरी जिना उतरून खालच्या घरात आला.

सहा वर्षांत पहिल्यांदा.

*

(मागचं थोडक्यात, कारण त्या दिवशी घरात तेच प्रत्येकाच्या डोक्यात होतं. आबा, म्हणजे रेणुकाचे आजोबा, गेले तेव्हा परवाना एका वारसाला मिळणार होता, बाकीच्यांनी संमती लिहून दिली तर. प्रल्हाद म्हणाला, थोरला मी. श्रीहरी म्हणाला, आबांबरोबर टेबलावर बसलो मी. दोघांनी एकमेकांना संमती दिली नाही. तीन महिने पेटी बंद. शेवटी सिद्दिकी वकिलांनी तोड काढली : मधल्या भावाची, विलासची मुलगी. ती या दोघांपैकी कोणाचीच नव्हती, म्हणून दोघांनी सह्या केल्या. टेबलाच्या डाव्या हाताला पहिल्यापासून प्रल्हादची खुर्ची, तो लोकांचे अर्ज, मसुदे लिहून देणार. उजव्या हाताला श्रीहरीची झेरॉक्स आणि टायपिंगची टपरी. स्टॅम्पला आलेला माणूस आधी डावीकडे जातो, मग उजवीकडे. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कागद बोलतात.)

*

श्रीहरी खुर्चीच्या कडेवर बसला.

'रेणुका, तुझ्या मोठ्या काकाला विचार, हे खरं आहे का.'

'काका, ते समोरच बसलेत.'

'तू विचार.'

'मोठे काका, ते विचारतायत, हे खरं आहे का.'

'त्याला सांग,' प्रल्हाद वर्तमानपत्राआडून म्हणाला, 'परवाना तुझ्या नावावर आहे. तुलाच विचार म्हणावं.'

'खरं आहे,' रेणुका म्हणाली.

'मग माझ्या नावावर कर.'

वर्तमानपत्र खाली आलं. 'ह्याच्या नावावर कामून? थोरला कोण?'

'कोणाच्याच नावावर होत नाही,' रेणुका म्हणाली. 'शुक्रवारी नोंदणी कार्यालयात विचारून आले. तिथले क्षीरसागरबाबू म्हणाले, वारसाला एकदा मिळतो, तो तुम्हाला मिळाला. परत केला की जमा. नवीन देत नाहीत. तुमच्या पाठीमागं मिळेल तो तुमच्या वारसाला.'

'पाठीमागं म्हणजे?' श्रीहरीची बायको अर्चनाकाकू चहा घेऊन दारात उभी होती.

'म्हणजे मी मेल्यावर.'

ट्रेमधल्या कपबशा खुळखुळल्या.

'गुरुवारच्या आत काही जमेल असं वाटत नाही,' रेणुका म्हणाली.

'वात्रट बोलू नको,' आई स्वयंपाकघरातून ओरडली.

प्रल्हादने चष्मा काढला. 'म्हणजे टेबल जाणार.'

'जागा पण जाणार,' श्रीहरी म्हणाला. 'टपरी, खुर्ची, सगळं त्या परवान्यावर उभं आहे. उद्या कोर्टाचा नाझर म्हणेल, उचला.'

'तेच म्हणतोय मी.'

'मग मी काय येगळं म्हणालो?'

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. श्रीहरीने घाईघाईने चहा उचलला आणि जीभ भाजून घेतली.

*

११. नाही.

'एवढंच लिही,' प्रल्हाद म्हणाला. 'दोन अक्षरं. किती शाई लागते?'

'खाली प्रतिज्ञापत्र आहे, काका. वर लिहिलेलं सगळं खरं म्हणून.'

'चाळीस वर्षं प्रतिज्ञापत्रं लिहितो मी. त्यातली खरी मोजायला बसलो तर बोटं उरतील.'

'ती लोकांची.'

'आणि हे? तू काय आभाळातून पडलीस?'

'मुंबईहून कोण येणारे लिंबाखाली बघायला?' श्रीहरी म्हणाला. 'दादा बरोबर बोलायलाय.'

दादा. प्रल्हादने मान वळवली नाही. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या, हे त्याला कळलं. साठी उलटलेल्या माणसाला असं व्हावं याची त्याला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

'दोन वकिलांची शिफारसपत्रं लागतात,' रेणुका म्हणाली. 'सिद्दिकी सर रोज सकाळी माझ्याकडून कोर्ट फीची तिकिटं घेतात. ते लिहून देणार, की ही मुलगी धंदा करत नाही?'

'देईल की. विचारलंस का?'

'विचारलं.'

'काय म्हणाला?'

'म्हणाले, बेटा, तू जे लिहशील त्याच्याखाली मी सही करीन. म्हणून लिहायच्या आधी नीट बघ.'

'म्हणजे सही करतो म्हणाला!' श्रीहरीने मांडीवर थाप मारली. 'झालं तर.'

'ते हे नाही म्हणाले, काका.'

'मग काय म्हणाला? मराठीतच बोलला ना?'

प्रल्हाद उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. 'समज, मिळाली सनद. पुढं? पाच वर्षं सिद्दिकीच्या मागं फायली घेऊन फिरशील. साहेबांपुढं उभी राहून तारखा मागशील. आणि कधी बोलायची पाळी आलीच तर वाचशील काय? माझाच मसुदा. निम्मं कोर्ट माझे मसुदे वाचतं.'

'हो. पण मी वाचीन. तुम्हाला आत उभं राहून वाचता येत नाही.'

ती हे सहज बोलली होती. बोलल्यावर तिने ओठ चावला.

प्रल्हादने वर्तमानपत्राची घडी केली. मग त्या घडीची घडी. कोणत्या साहेबांना लांबड लावलेली चालत नाही, कोणत्या वकिलाला संध्याकाळी भेटू नये, कोणता खटला सहा महिन्यांत बसेल आणि कोणता नातवापर्यंत जाईल, हे त्याला वासावरून कळायचं. लोक त्याला विचारून वकील धरायचे. तो त्यांना कोर्टाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडायचा. पट्टेवाला नाव पुकारायचा, लोक आत जायचे, तो वळायचा.

त्रेसष्ट वर्षांचा माणूस सकाळी साडेदहाला धुतलेला सदरा घालून घराबाहेर पडतो तो कुठे जायला? उद्यापासून कुठे?

तो म्हणाला, 'जेवायला वाढा.'

*

११.

'रिकामाच सोड,' श्रीहरी म्हणाला. 'विचारलं तर बघू.'

'विचारतातच, काका.'

'तर म्हण, घरचे बघतात. भाकरी दे गं इकडं.'

'परवाना माझ्या नावावर, शिक्का माझा, प्रत्येक कागदामागं सही माझी. घरचे काय बघतात?'

'लई कायदा शिकलीस तू.'

'तीनच वर्षं. पहिल्या वर्षाची फी तुम्ही भरलीत.'

'म्हणजे चूक माझी!'

'तूच भरलीस?' प्रल्हादने घास थांबवला. 'मला वाटायचं कुमुदने पाटल्या मोडल्या.'

'मी भरली. म्हटलं डिग्री असली म्हणजे स्थळं बरी येतात. वापरायची, असं कोण म्हणालं होतं?'

'दुसऱ्या वर्षाची मी भरली,' प्रल्हाद म्हणाला.

'आं?'

'तुला सांगू नको म्हणालो होतो तिला.'

'धाकटे काकाही हेच म्हणाले होते, त्याला सांगू नको,' रेणुका म्हणाली.

श्रीहरीला हसू आलं. ते त्याने ठेच्याच्या नावावर खपवलं, ठसका लागल्यासारखं. प्रल्हादने आपल्यापुढचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

*

११. पुढच्या वर्षी.

कुमुदने तव्यावरची भाकरी उलटली आणि दारातून बाहेर बघितलं. दोघं भाऊ एका पंगतीला. मधे एकच ताट मावेल एवढी जागा, ती विलासची, पण तसं कोणी म्हणालं नाही. आबांच्या तेराव्यालाही हे दोघं वेगवेगळ्या वेळी जेवले होते. तेव्हापासून दर दिवाळीला तिने दोन वेळा फराळ मांडला, खाली एकदा, वर एकदा. या घरात सहा वर्षं तीच जिना होती.

आता शेपूची भाजी दोघांनी मागून घेतली. श्रीहरी म्हणाला, वहिनी, लसूण बरोबर पडला. प्रल्हाद म्हणाला, ती पहिल्यापासून बरोबरच घालते. भांडण नव्हतं. दोघं मिळून भाजीबद्दल बोलत होते.

तिला इतका आनंद झाला की भाकरीला भोक पडलं.

आणि पलीकडे रेणू भिंतीला टेकून बसली होती. ताटातलं काही हललं नव्हतं.

'वहिनी, तुम्ही समजावा तिला,' श्रीहरी म्हणाला. 'तुमचं ऐकते.'

'ऐकत असती तर ही वेळ आली असती का?' प्रल्हाद म्हणाला. 'पण बोल, कुमुद. तुझं पण घर त्याच टेबलावर चालतं.'

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला या तिघांपैकी कोणालाच नाही म्हणायची सवय नव्हती. तिने पिठाचे हात पदराला पुसले. मुलगी सकाळी सहाला उठून, डोळ्यांत झोप घेऊन कॉलेजला जायची, ते तिने बघितलं होतं. निकालाच्या दिवशी पेढे आणले होते. पण त्या पेढ्यांना दोन वर्षं होऊन गेली. एवढं थांबली तर...

'रेणू,' ती म्हणाली, 'एक वर्ष थांब की.'

रेणुकाने वर बघितलं.

'एकच वर्ष. हे दोघं बोलायलेत बघ. जरा रुळू दे. मग आपण...'

'आई, मी आहे तशी राहिले म्हणून हे बोलत नव्हते. मी जाते म्हटलं म्हणून बोलायलेत.'

'तेच तर म्हणते. बोलायलेत ना?'

रेणुकाने ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, आणि जिना चढून गच्चीवर गेली. कुमुदने पुढची भाकरी थापायला घेतली. ती थापत राहिली, थापत राहिली. कोणाला नको होती तरी.

*

तासाभराने अर्चनाकाकू वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. चिमटे तिने तोंडात धरले होते. एकेक काढून बोलली.

'मी बोलले ते कोणाला सांगायचं नाही.'

'काय बोललात?'

'अजून बोलले नाही.' चिमटा डब्यात. 'खाली काय ठरलं ऐकलंस का?'

'नाही.'

'उद्या मोठे भावजी हरकत घेणारेत. वारस म्हणून. ह्यांनीच सुचवलं. हरकत आली की तो बाबू तुझा अर्ज बाजूला ठेवणार, सुनावणीची तारीख देणार. महिना, दीड महिना. गुरुवार गेला.'

रेणुका कठड्याला टेकली. खाली स्कूटीच्या सीटवर मांजर झोपलं होतं.

'सकाळीच जाऊन देते मग अर्ज. त्यांच्या आधी.'

'देता येतो?'

'नाही.' तिला आठवलं. 'दिवसाची विक्री बंद करून चारनंतर. उरलेले कागद, नोंदवही, शिक्का, सगळं घेऊन या म्हणालेत.'

'मग दिवसभर बसावं लागणार तुला. तुझ्या शेजारी बसून ते हरकत लिहिणार.' अर्चनाकाकूने श्रीहरीचा पायजमा झटकला, जरा जास्तच जोरात. 'आणि तू ऐकलंस, नाही गेलीस, तर परवापासून हे दोघं काय करतील माहिताय? भांडतील. कशावरून? तू मेल्यावर परवाना कोणाला, यावरून.'

रेणुकाला हसू फुटलं. काकूलाही.

'टपरी गेली तर तुम्ही काय करणार, काकू?'

'बाजारात दुकान घेऊ म्हणून दहा वर्षं मागं लागलेय. कोर्टाची जागा सोडवत नाही म्हणतात. तिथं काय, उन्हाळ्यात झेरॉक्सचं मशीन आणि माणूस, दोन्ही तापतात.' शेवटचा चिमटा. 'उद्या चारला तू मन बदललेलं दिसलं तर मी तुझ्याशी बोलायचं बंद करीन. या घरात ते सगळ्यांना येतं.'

*

सोमवार.

अकराला पेटी उघडली. शंभराचे चौदा बाँड, पाचशेचे सहा, तिकिटांचे दोन ताव. डावीकडची खुर्ची रिकामी. उजवीकडे श्रीहरी टपरीत उभा, कीबोर्डवर बोटं, पण छापत काही नव्हता.

प्रल्हाद साडेदहालाच नोंदणी कार्यालयात गेला होता, एका ओळीचा अर्ज घेऊन. क्षीरसागरबाबूने तो वाचला आणि हात जोडले. 'काका, तुम्हीच लोकांना सांगता. हरकत शंभराच्या बाँडवर, सविस्तर, कारणांसकट. चारच्या आत आणा, लगेच घेतो.'

कोर्टाच्या आवारात स्टॅम्पची दोन टेबलं होती. पलीकडे भिंतीपाशी खंदारेंचं. तिथे रांग नव्हती. खंदारे दात कोरत बसला होता. प्रल्हाद त्याच्यासमोरून चालत आला आणि लिंबाखालच्या रांगेत उभा राहिला, चौथा. चाळीस वर्षांत त्याने खंदारेकडून पाच रुपयांचं तिकीटसुद्धा घेतलं नव्हतं. आपलं टेबल असताना दुसऱ्याच्या टेबलावर जायचं त्याला सुचलंच नाही.

'काका, पुढं जा की,' पुढचा माणूस म्हणाला. 'तुमचंच आहे.'

'नाही. रांगेत.'

त्याच्यामागे सिद्दिकी वकील येऊन उभे राहिले, गाऊन हातावर. 'आदाब, प्रल्हादराव. आज गिऱ्हाईक?'

'आज गिऱ्हाईक.'

रेणुकाला तो दिसला होता. संपले, असं म्हणता येत होतं. आठवड्यातून दोनदा खरंच संपायचे. कोण पेटीत वाकून बघणार? तिने पुढच्या दोघांना वाटणीपत्राचा आणि भाडेकराराचा कागद दिला, तिसऱ्याला तिकिटं. मग टेबलासमोर काकांचा धुतलेला सदरा आला.

'शंभराचा एक.'

तिने बाँड काढला. नोंदवही उघडली. 'कोणाच्या नावे?'

'आता तुला माझं नाव सांगू?'

'विचारावं लागतं.'

'प्रल्हाद दिगंबर कौसडीकर.'

तिने लिहिलं. 'कारण?'

'प्रतिज्ञापत्र.'

'कशाबद्दल?'

'एवढं विचारतेस सगळ्यांना?'

'तुम्हीच ओरडायचात. नुसतं प्रतिज्ञापत्र लिहू नको, उद्या साक्षीला बोलावलं तर काय सांगशील?'

सिद्दिकी वकिलांना फायलीत अचानक काहीतरी वाचायचं सापडलं. टपरीतून श्रीहरी मान काढून बघत होता.

'हरकत,' प्रल्हाद म्हणाला.

'कशाला?'

'पुतणीने,' तो म्हणाला, आणि घसा साफ केला, 'सनद मिळावी म्हणून परवाना परत करण्याला.'

आवाज नेहमीचाच होता, मसुदा सांगतानाचा, शब्द सुटे सुटे. तिनेही तसंच लिहिलं, एकही शब्द न गाळता. जागा पुरेना तेव्हा अक्षर बारीक केलं. वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सही केली, शंभराची नोट आणि वर सुटे ठेवले. तिने कागदामागे क्रमांक घातला, तारीख, सही, शिक्का. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.

'संपले म्हणाली असतीस तर,' तो हळू आवाजात म्हणाला.

'अकरा आहेत अजून, काका.'

तो गेला. तिने शिक्का परत शाईवर दाबला, समोर कागद नसताना.

'बेटा,' सिद्दिकी वकील म्हणाले, 'दहाची पाच तिकिटं दे. आणि आधी पाणी पी.'

*

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात एक बाक आहे. दीड वाजल्यापासून प्रल्हाद तिथे बसला होता. मांडीवर फाईल, फाइलीवर बाँड, हातात पेन.

वरचं झरझर उतरलं. मी खाली सही करणार, राहणार परभणी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. मग : हरकतीची कारणे येणेप्रमाणे. मग : एक.

तिथे थांबलं.

घरी कारणं ढीगभर होती. परवाना आबांचा. बरोबर, पण आबांनी तो कोणाला विकला नव्हता आणि संमतीवर सही माझी स्वतःची आहे. जागा जाईल. जाईल, पण जागा सरकारची. तीन घरांचं नुकसान. होईल, पण एखादीने धंदा सोडायचा म्हटला तर तिला, चालव, असं कोणत्या कलमाखाली सांगायचं? मला या वयात कुठं जायला जागा उरणार नाही.

रोज कोणीतरी लिंबाखाली येऊन असंच सांगायचं. सून बोलत नाही, भावाने बांध फोडला, मुलगा विचारत नाही. आणि तो त्यांना सांगायचा, दादा, हे तुमचं दुःख झालं. हरकत कुठंय यात? लोक रागावून उठायचे. काही जण रडायचे. मग तो त्यांना चहा पाजायचा.

तीन वाजता श्रीहरी आला. 'दादा, आण इकडं. सांग, मी टाइप करतो. दहा मिनिटांत होईल.'

'थांब.'

'थांबायला वेळ कुठंय? चारच्या आत द्यायचंय.'

'कारण सापडंना.'

'चाळीस वर्षं दुनियेला कारणं काढून दिलीस, आणि...' श्रीहरीने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. 'काहीपण लिही. तारीख पडली म्हणजे झालं.'

'काहीपण लिहिलेलं ती वाचील, हऱ्या. प्रत मागून घेईल. तिचा हक्क आहे.'

'मग वाचू दे!'

प्रल्हादने पेन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

'सहा वर्षांनी तुझ्याशी बोललो,' श्रीहरी म्हणाला, 'ते ह्याच्यासाठी?' उत्तराची वाट न बघता तो व्हरांडा उतरून गेला. चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. प्रल्हादने ऐकून घेतला.

चार वाजले. क्षीरसागरबाबू दारातून डोकावला. 'काका, आणताय ना?' प्रल्हादने हाताने, बघतो, असं केलं.

सव्वाचारला रेणुका आली. पेटी दोन्ही हातांत, पेटीवर नोंदवही, नोंदवहीवर अर्ज, आणि तो उडू नये म्हणून हनुवटीने दाबलेला. बाकाजवळ आल्यावर ती थांबली. तिने बाँडकडे बघितलं. चार ओळी, आणि खाली एक आकडा, पुढे काही नाही.

त्याने तो लपवला नाही.

'दिलीत का?' तिने विचारलं. अर्ज हनुवटीखाली असल्यामुळे तोंड नीट उघडत नव्हतं.

त्याने पाय बाकाखाली ओढून घेतले, तिला वाट व्हावी म्हणून.

'साहेब पाचला उठतात,' तो म्हणाला. 'आधी आवकला शिक्का मारून घे, मग आत जा. कागद त्यांच्यासमोर मोजून दे, बाबूवर सोडू नको. आणि पोच हातात पडल्याशिवाय पेटी ठेवायची नाही. कळलं का?'

'हो.'

'मग उभी कशाला? जा.'